काजव्यांचं मशीन

ओजिमा, टोकियो
१० सप्टेंबर २००६

ती. काकांना रुचाचा नमस्कार.

पाकिटावरचं नाव वाचून तुम्ही पत्र न उघडताच काकूकडे सरकवलं असेल, तर काकू, कृपा करून मोठ्यानं वाच. दुकानात कुणाचा दुरुस्तीला आलेला मिक्सर घरघरत असला तरी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

बाबांशी तुम्ही बोलत नाही हे मला माहीत आहे. पण तुमचं माझ्याशीही भांडण झाल्याचं अजून मला कुणी कळवलेलं नाही. तेव्हा झालंच नाही असं धरून लिहिते.

रणजित आणि मी दीड वर्ष झालं टोकियोत आहोत. तो एका बँकेचं कॉम्प्युटरचं काम बघतो. आम्ही ओजिमात राहतो. मोठमोठ्या सरकारी इमारती, आणि दर मजल्यावर एखादं तरी पुण्या-मुंबईचं बिऱ्हाड. तूरडाळ मिळते, कढीपत्त्याची बोंब आहे. नयना सहा वर्षांची झाली. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते आणि वर माझ्या जपानीला हसते. तुमच्यावर गेली आहे.

आता मुद्दा. मी तोयोसुला एका गेम कंपनीत काम करते. कंपनीचं नाव तेम्बो. त्यांचे जुने खेळ मोबाइल फोनवर चालतील असे करून देणं हे आमचं काम. येत्या एप्रिलात कंपनीला पन्नास वर्षं होतायत. अशा वेळी इथल्या कंपन्या आपला इतिहास छापतात, जाडजूड, कापडी बांधणीचा. आपल्याकडे घराण्याचा कुलवृत्तांत काढतात ना, अगदी तसा.

सुरुवात ऐका, तुम्हाला आवडेल. ओगाता नावाच्या नवराबायकोनं डोंगरावरच्या एका देवळापाशी नाणं टाकायची दुर्बीण बसवली. नाणं टाकलं की झडप उघडायची आणि समुद्र दिसायचा. डोळा जरा स्थिरावतोय तोवर झडप खाली. लोक चरफडत दुसरं नाणं टाकायचे. पुढे दुकानांच्या गच्चीवर मुलांसाठी डुलणारे घोडे आले, मग लुकलुकत्या दिव्यांची यंत्रं, आणि १९७९ साली पहिला व्हिडिओ गेम. धंदा मात्र तोच राहिला. गिऱ्हाइकाला मन भरेपर्यंत काही म्हणून बघू द्यायचं नाही.

त्या पहिल्या खेळाचं नाव होतारु, म्हणजे काजवा. मागच्या आठवड्यात पुस्तकासाठी जमवलेल्या फोटोंत मी तो पाहिला आणि ऑफिसात चक्क ओरडले. काळी नदी, वेताची टोपी घातलेलं पोर, हातात कंदील, बांबूच्या बनात काजवे. कंदील विझायच्या आत ते पकडायचे. काका, हे आपलं काजव्यांचं मशीन! साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या तुमच्या दुकानात शिरलं की उजव्या हाताला असायचं ते. त्यावर नाव 'स्टार बॉय' होतं, पण परदेशी पाठवताना नाव बदलत असतील.

गंमत म्हणजे कंपनीकडे तो खेळच नाही. जुना खेळ मशीनच्या पोटातल्या बोर्डावर, चिपांमध्ये असतो. बोर्ड गेला की खेळ गेला. इथे वर्षअखेरीला घर, ऑफिस सगळं घासूनपुसून लख्ख करायची रीत आहे. अशाच एका वर्षअखेरीला ह्यांनी जुने बोर्ड काढले, धातू वेगळा, प्लास्टिक वेगळं केलं आणि ठरलेल्या वारी कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकले. इतक्या शिस्तीत आपला इतिहास फेकून देणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

ज्यांनी हा खेळ लिहिला ते नाकाजिमा-सान अजून इथेच आहेत. मार्चमध्ये निवृत्त होतील. जेवायला माझ्या शेजारी बसतात. "एकदा चालताना बघायला मिळाला असता तर..." एवढं म्हणतात आणि भात खायला लागतात.

मशीन आहे ना हो अजून? बाबांच्या तक्रारीवरून नगरपालिकेनं तुमचा परवाना काढून घेतला आणि तुम्ही कराडला गेलात, तेव्हा ते टेम्पोत चढवताना मी खिडकीतून पाहिलं होतं. बाबांनी मला खाली येऊ दिलं नव्हतं. विकलं असेल, मोडलं असेल, तर तसंच कळवा. मी रागावणार नाही. थोडी रडेन फक्त.

तुमची
रुचा


ओजिमा, टोकियो
८ ऑक्टोबर २००६

ती. काका,

तुम्हाला पत्र पोचलं आहे. काकू आईला फोनवर म्हणाली म्हणे, "रुचाचं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे." म्हणजे वाचलंत. आणि गप्प बसलात. आपल्या घरात गप्प बसण्याची स्पर्धा लावली तर तुम्ही दोघे भाऊ अंतिम फेरीत याल.

मला आता गप्प बसून चालणार नाही, कारण मी एक घोळ घालून ठेवला आहे.

इथे मीटिंगमध्ये काही ठरत नसतं. जे ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं. ज्याचं काम असेल त्यानं प्रत्येकाच्या टेबलापाशी जायचं, हळू आवाजात विचारायचं, कुणाची अडचण असेल तर समजून घ्यायची. लग्नाच्या बैठकीआधी मानपानाचं सगळं आतल्या खोलीत मिटवून घेतात, तसं. ह्याला नेमावाशी म्हणतात. मग मीटिंग भरते, सगळे माना डोलावतात आणि चहा पितात. दीड वर्षात मला हे कळलं नव्हतं असं नाही. पण मी पडले हेडमास्तरांची मुलगी.

परवा पुस्तकाची मीटिंग होती. आमचे विभागप्रमुख ओकाबे-सान वाचत होते, "होतारु, १९७९. खेळ उपलब्ध नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. नाकाजिमा-साननीही डोलावली, खाली बघत. ते मला बघवेना. मी उठले आणि म्हणाले, "उपलब्ध आहे. माझ्या काकांकडे आहे. भारतात."

काका, सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं मी शिवी दिली. मी कुणालाही आधी सांगितलेलं नव्हतं, ओकाबे-साननाही नाही. त्यांचे कान लाल झाले. संचालकांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की." मग नाकाजिमा-सान उठले आणि त्यांनी मला कमरेत वाकून नमस्कार केला. साठ वर्षांचा माणूस. आणि संचालकांनी लगेच लिहून घेतलं की एप्रिलच्या समारंभात होतारु चालवून दाखवायचा.

तेव्हापासून ओकाबे-सान माझ्याशी फक्त सकाळचा नमस्कार करतात. रणजित म्हणतो, "काकांकडे मशीन नसेल तर तू राजीनामाच लिहून ठेव." तो गमतीत म्हणतो. पण मला झोप नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरचा अंबरीष दिवाळीला कोल्हापूरला सासुरवाडीला येतोय. परत जाताना कराडवरूनच जाईल. पूर्ण मशीन नको, फक्त पोटातला बोर्ड हवाय. त्याचा फोन नंबर मागे लिहिला आहे. काका, माझ्यासाठी करा. बाबांचा राग बाबांवर काढा, मी मधे पडणार नाही.

रुचा


ओजिमा, टोकियो
५ नोव्हेंबर २००६

ती. काका,

पोचला! बोर्ड पोचला!

अंबरीषनं सगळी हकीगत सांगितली. कराडच्या कोल्हापूर नाक्यावर तुम्ही सकाळपासून उभे होतात, बोर्ड काकूच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेला, आणि त्याच्या हातात देताना एवढंच म्हणालात, "मांडीवर ठेवून न्यायचा." बिचाऱ्यानं खरंच टोकियोपर्यंत मांडीवर आणला. विमानतळावर कस्टमवाल्यानं साडी उलगडायला घेतली, तिचा काठ काही संपेना, तेव्हा तोच दमला.

आत तुमची चिठ्ठी होती. "वायरी ओढू नये." बस. एवढ्या वर्षांनंतर तुमचं अक्षर बघितलं आणि मजकूर हा! तरी मी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे.

मंगळवारी ऑफिसात जोडून बघितला. पहिल्याच झटक्यात सुरू झाला. तुम्ही मधूनमधून त्याला वीज देऊन साफ करत होतात, हे नाकाजिमा-साननी बघताक्षणी ओळखलं. म्हणाले, "ह्याच्यावर कुणाचा तरी हात फिरतो आहे." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आता थोडी तपासणी वगैरे चालू आहे. मोठी कंपनी, चार विभाग, वेळ लागतो. काळजीचं काही नाही.

एक सहज विचारते. ते मशीन तुम्ही मुंबईहून कुणाकडून घेतलं होतं, आणि त्यावर 'स्टार बॉय' का लिहिलं आहे हे त्यानं कधी सांगितलं होतं का? सहजच.

नयनाला तुमचा फोटो दाखवला. तिनं विचारलं की हे आजोबा आहेत, तर आपल्या घरी का येत नाहीत. जपानीत विचारलं, म्हणून मी कळलं नाही असं दाखवलं.

रुचा


ओजिमा, टोकियो
२६ नोव्हेंबर २००६

ती. काका,

मागच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. काळजीचं बरंच काही आहे.

बोर्ड सुरू झाला तेव्हा पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'स्टार बॉय' आलं आणि जमलेल्या माणसांचे चेहरे उतरले. कंपनीनं त्या नावाचा खेळ कधी काढलेलाच नाही. नाकाजिमा-साननी बोर्ड उजेडात धरला. चिपांवरची नावं खरवडलेली होती. ते हळूच म्हणाले, "हा आमचा बोर्ड नाही." कुणीतरी, कुठल्यातरी देशात, त्यांचं मशीन उघडून आतला खेळ जसाच्या तसा उचलला होता, नाव तेवढं बदललं होतं. असे चोरीचे बोर्ड तेव्हा जगभर गेले. एक साताऱ्यात आला.

मी ज्या कंपनीत काम करते त्या कंपनीत, भर मीटिंगमध्ये शब्द देऊन, मी तिच्याच चोरीचा माल आणून ठेवला होता. तोही नऊवारीत गुंडाळून.

तुम्हाला लिहायचा धीर झाला नाही, कारण तुमच्या दुकानाचं नाव मला आठवत होतं. 'निप्पॉन व्हिडिओ गेम्स'. खाली लाल अक्षरांत, 'अस्सल जपानी मशीन'. बाबा त्याला अड्डा म्हणायचे, निम्मं गाव नावं ठेवायचं, आणि तुम्ही छाती काढून सांगायचात, "जपानी माल आहे, जपानी!" तेवढाच एक अभिमान तुमच्याकडे उरला असेल, तोही मी काढून घेऊ? म्हणून गप्प बसले. मलाही ती स्पर्धा जमते म्हणायची.

आता गोष्ट गप्प बसण्यापलीकडे गेली आहे. कंपनीचा नियम असा की चोरीची नक्कल हाती आली की नष्ट करायची. अपवाद नाही. ओकाबे-साननी बोर्ड कपाटात कुलूप लावून ठेवलाय. वर्षअखेरीची सफाई जवळ आली आहे आणि ह्या लोकांच्या सफाईची मला धास्ती वाटते.

पण कुलूप लागण्याआधी काय झालं ते सांगते. सगळे उठून गेले, नाकाजिमा-सान मात्र खेळत बसले. एकेक काजवा पकडत डाव्या कोपऱ्यात, बांबूच्या शेंड्यावरच्या काजव्यापाशी आले आणि थांबले. तो कधीच हाती लागत नाही, आठवतं? पोरांनी जिवाचं रान केलं होतं. तुम्ही जाहीर केलं होतंत, जो पकडेल त्याला जन्मभर फुकट.

नाकाजिमा-सान म्हणाले, "इथे माझा हिशेब चुकला होता. पोराचा हात तिथपर्यंत पोचत नाही. दुरुस्त करायला मला वेळच दिला नाही." मग पडद्याला बोट लावून म्हणाले, "चोरांनी माझी चूकसुद्धा उचलली आहे. हा खेळ माझा आहे."

मी त्यांना तुमचं बक्षीस सांगितलं. साताऱ्याची सगळी पोरं त्या एका काजव्यामागे होती, हे सांगितलं. ते हसले, मग चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. काका, मला त्या माणसाकडून तो बोर्ड पुन्हा काढून घेतलेला सहन होणार नाही.

उद्यापासून टेबलं फिरायला सुरुवात करते. ह्या वेळी आधी ओकाबे-सान.

रागावलात तरी चालेल, पण लिहा.

रुचा


ओजिमा, टोकियो
२१ जानेवारी २००७

ती. काका आणि काकू,

बोर्ड वाचला! आधी एवढंच वाचा आणि काकू, चहा टाक. बाकीचं चहाबरोबर.

काका, तुमचं पत्र मला ऑफिसला निघताना मिळालं. गाडीत उभ्यानं वाचलं. "चिपांची नावं खरवडलेली मी पहिल्या दिवशीच पाहिली होती," हे वाचून मी एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारचे गृहस्थ अंग चोरून उभे राहिले. इथे गाडीत कुणी खोकतसुद्धा नाही. म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं! 'अस्सल जपानी'ची पाटी रंगवतानाही माहीत होतं! आणि माझ्या पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही ते बाबांवरच्या रागानं नव्हे, तर नकली माल पाठवला आणि पोरीची नोकरी गेली तर काय, म्हणून. मी कराडकडे तोंड करून दोन महिने तुमच्यावर चिडत होते, आणि तुम्ही तिकडे माझ्यासाठी गप्प होतात. दुसऱ्या पत्रानंतर राहवलं नाही म्हणून नाक्यावर आलात. काका, मला तुमचा राग आला आहे आणि तुमच्या पाया पडावंसंही वाटतंय. दोन्ही एकदम कसं करायचं ते कळत नाही.

तर टेबलांचं सांगते. ओकाबे-सानसमोर मी आधी माफी मागितली, त्यांना न विचारता मीटिंगमध्ये बोलले म्हणून. त्यांनी लांबलचक श्वास घेतला आणि पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं. मग त्यांनीच मला सांगितलं की कायदा विभागात आधी कुणाकडे जायचं, आणि कुणाकडे जेवणानंतर जायचं. महिनाभर मी हिंडले. प्रत्येक ठिकाणी त्या काजव्याची गोष्ट सांगितली. काहींनी ती दुसऱ्यांदा ऐकली, तरी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावली. कायदा विभागातल्या बाईंनी तर विचारलं, "आणि कुणी पकडला का हो कधी?"

वर्षअखेरीची सफाई झाली त्या दिवशी ओकाबे-सान कपाटापुढे खुर्ची टाकून बसले होते. कुणी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

मग नव्या वर्षात मीटिंग झाली. मी तोंड उघडलं नाही. ओकाबे-सान उठले आणि म्हणाले, "नक्कल नष्ट करायची ती अस्सल प्रत वाचावी म्हणून. इथे अस्सल आपणच नष्ट केली आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला.

समारंभात खेळ चालणार आहे. मोबाइलवरही येणार आहे, ते काम माझ्याकडेच आलं. नाकाजिमा-सानना मी विचारलं की कोपऱ्यातली ती चूक आता दुरुस्त करू का, पोराचा हात पोचेल असं करू का. ते विचार करून म्हणाले, "नको. साताऱ्यातल्या मुलांवर अन्याय होईल."

आणि पुस्तकात छापून येणारं वाक्य मी तुमच्यासाठी मराठीत करते. 'या खेळाची मूळ प्रत कंपनीला जपता आली नाही. भारतातील सातारा येथे श्री. लक्ष्मीकांत आगटे यांनी आपल्या दुकानातील प्रत जपली, त्यामुळे तो आज पुन्हा खेळता येतो.' पानावर तुमचं नाव जपानी अक्षरांत असेल. काकू, दुकानाच्या भिंतीवर लावायला चौकट आत्ताच सांगून ठेव.

आता शेवटचं, आणि ह्यासाठी मी दोन दिवस पत्र अडवून ठेवलं होतं.

पुस्तकासाठी तुमच्या दुकानाचा फोटो हवा होता. तुम्ही लिहिलंत की एकही नाही. परवा मी हे आईला फोनवर सांगत होते, तेव्हा मागून बाबांचा आवाज आला, "माझ्याकडे आहे."

तक्रारीला जोडायला म्हणून बाबांनी तो समोरच्या फुटपाथवरून काढला होता. शाळेची पोरं गणवेशात दुकानात जातात ह्याचा पुरावा. रोल धुऊन आला. फोटो उत्तम निघाला होता. दुकानाची पाटी स्पष्ट, दारात तुम्ही हसताय, भोवती दहावीची पोरं. आणि आत, काजव्यांच्या मशीनपुढे स्टुलावर, दोन वेण्या घातलेली एक मुलगी. गणवेशातच. हेडमास्तरांची.

तो फोटो त्यांनी तक्रारीला जोडला नाही. नुसतीच तक्रार दिली. मला कधी एका शब्दानं विचारलं नाही आणि फोटो फाडलाही नाही. कपाटात ठेवला होता इतकी वर्षं.

मी म्हटलं, "बाबा, लगेच कुरियर करा." तर म्हणाले, "लक्ष्मीकांतला विचारल्याशिवाय मी तो कुणाला देणार नाही. दुकान त्याचं होतं." मी म्हटलं, मग फोन करा. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, लागली स्पर्धा. तेवढ्यात म्हणाले, "फोनवर विचारण्यासारखं नाही ते."

काका, बाबा चार फेब्रुवारीला, रविवारी, सकाळच्या एसटीनं कराडला येतायत. एकटेच. आईनं सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले.

काकू, त्यांना हल्ली चहात साखर चालत नाही.

रुचा